मथुरेच्या गोष्टीचा शेवट

२००४ च्या फेब्रुवारीत संचिता सामंतने मालवणजवळच्या एका किनारी गावात बायकांसाठी कथालेखनाचा वर्ग काढला, तेव्हा कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी तिची भरपूर टर उडवली. मासळी विकणाऱ्या बायका कसल्या कथा लिहिणार! संचिता मात्र हट्टाला पेटली होती. दर शनिवारी दुपारी दोनला, बाजार उरकून, पाच जणी वाचनालयात यायच्या. टोपल्या बाहेर ठेवल्या तरी खोलीभर मासळीचा वास भरायचा. फळ्यावर संचिता लिहायची: पात्र, संघर्ष, कळस, शेवट.

तिसऱ्या शनिवारी मथुरा सुजलेला डोळा घेऊन आली. तिचा नवरा परशुराम तिला मारतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं.

"लिवक जमाक नाय, बाई," मथुरा म्हणाली. "तोंडान सांगतंय."

तिचा बाप देवळात गाऱ्हाणं घालायचा. देवापुढे उभं राहून त्याने एकेक मागणं मांडायचं आणि गावाने होकार भरायचा. लहानपणापासून कानांत बसलेली तीच चाल मथुरेच्या तोंडून आली.

"बा देवा म्हाराजा! एक घोव आपल्या बायलेक रोज मारता..."

"व्हय म्हाराजा," चौघी सवयीने म्हणाल्या.

"एक दिस तेना बायलेर कोयतो उचललो..."

"व्हय म्हाराजा!"

"तो बायलेर पडाक नाय. तेच्याच डाव्या हातार पडलो..."

"व्हय म्हाराजा!"

"थांबा!" संचितातल्या मास्तरणीला राहवेना. "हा कळस छान जमलाय. पण हात तुटलेला माणूस पुढे काय करतो? शेवट नीट विचार करून पुढच्या शनिवारी सांगा."

बायकांत वयाने मोठी असलेली विमला हळूच म्हणाली, "बाई, गाऱ्हाणा मधीच तोडूचा नसता."

"अहो, ही गोष्ट आहे. गाऱ्हाणं नाही," म्हणत संचिता हसली आणि तिने फळा पुसला.

मंगळवारी तिला कळलं. परशुरामने मथुरेवर कोयता उचलला आणि स्वतःच्याच डाव्या हातावर घातला. एकदा नव्हे, तीनदा. दवाखान्यात तो एवढंच म्हणत होता, उजवो हात माझो ऐकना नाय. दारू, संचिताने स्वतःला बजावलं. निव्वळ योगायोग.

शनिवारी पाचही जणी वेळेआधीच हजर होत्या. संचिताने खडू उचलला आणि दारात सावली पडली.

परशुराम उभा होता. डावा हात बँडेजमध्ये, उजव्यात कोयता.

"मथुरा, भायर ये. आज तुका जित्ती सोडूचंय नाय."

संचिता मध्ये जाऊन उभी राहिली. एरवी जिची तिने टवाळी केली असती, ती गोष्ट तिने केली.

"त्याने कोयता खाली टाकला!" ती ओरडली. "त्याला रडू फुटलं. तो घरी गेला, त्याने पुन्हा कधी हात उचलला नाही!"

कुणीच होकार भरला नाही.

"म्हणा ना! अहो, म्हणा!"

चौघी जमिनीकडे बघत राहिल्या. परशुरामने संचिताला ढकलून दिलं. ती बाकावर आपटली. कोयता मथुरेच्या डोक्यावर उचलला गेला.

मथुरा जागची हलली नाही.

"बा देवा म्हाराजा, तो कोयतो तेच्याच मानेर पडलो."

"व्हय म्हाराजा."

त्याचा उजवा हात वळला. पहिला घाव ओझरता बसला. परशुरामने संचिताकडे बघितलं, लहान मूल बघतं तसं.

"बाई..."

दुसरा घाव खोल गेला. रक्ताची चिळकांडी फळ्यावर उडाली. पडल्यावरही तो हात आणखी दोनदा चालला.



विमला उठली. साडी वर धरून तिने रक्त ओलांडलं, दार लोटलं, कडी घातली आणि जागेवर येऊन बसली.

"बाई, तुमी तेका वाचवूक बघलात," ती शांतपणे म्हणाली.



विमलाने वही उघडली. "माझी गोष्ट ल्हानशीच आसा. तेच्यात एक शिकवणारी बाई आसा."

बाकीच्या जणी सावरून बसल्या. होकार भरायला मथुरेने घसा साफ केला.