दोन हात वर

रकाना १. खबर कुणी दिली: राखणदाराने, फोनवर, सकाळी सव्वानऊला.

"बाई, मिस्त्रींची दोन बोटं गेली. गवत कापायचं यंत्र उतारावरून मागं घसरलं. चाकामागचा ठोकळा झाडताना मी काढला होता. परत लावला का, ते आठवत नाही. म्हणजे नसणारच लावला."

आरोपीच फोन करून कबुली देतो, असा तपास निरीक्षकबाईंच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. जुन्या कापणी यंत्रांचं ते आवार वर्षातून एकदा तपासायचं आणि यंत्रं चालवायची परवानगी द्यायची, हे त्यांचं काम. घोड्यांनी ओढायची अकरा यंत्रं तिथं जपली होती. एखादं गवत कापणारं, एखादं धान्य कापून आडवं पाडणारं, एखादं पेंढ्याही बांधणारं. मिस्त्री ती दुरुस्त करत. त्यांचे थोरले भाऊ ती चालवत, म्हणून त्यांना सगळे सारथी म्हणत. रविवारी शाळेच्या मुलांसमोर प्रात्यक्षिक होतं.

रकाना ४. दोष कुणाचा: राखणदाराचा.

अपघाताच्या छापील कागदावर हे बाईंनी गाडीत बसल्या बसल्याच लिहिलं. या एका शब्दानं राखणदाराची नोकरी जाणार होती आणि फाटकाशेजारची खोलीही.

शेडची फरशी सपाट होती. दाराबाहेर उतार. यंत्र उताराच्या तळाशी कुंपणाला टेकलं होतं. दोन लोखंडी चाकं, वर बसायची पत्र्याची खुर्ची, उजवीकडं जमिनीलगत लांब पट्टी आणि तिच्यात दातेरी पातं. घोडे जुंपायचा दांडा चढाच्या बाजूला, शेडकडं तोंड करून. दातेचाकांच्या पेटीवर स्क्रूची दोन भोकं रिकामी होती.

"इथली पितळी पाटी?"

काल संध्याकाळी मिस्त्रींनी घासायला काढली, ती आत बाकावर आहे, असं राखणदार म्हणाला. तो बाईंच्या चपलांकडं बघून बोलत होता.

बाई उतार चढून आत गेल्या. उतारावर रक्ताचा थेंब नव्हता. रक्त होतं शेडच्या सपाट फरशीवर. त्याच्या आजूबाजूला गवताच्या काड्या पडल्या होत्या, सगळ्या ताज्या, नीट छाटलेल्या.

त्या परत खाली आल्या आणि राखणदाराला यंत्र जरासं पुढं ओढायला सांगितलं. पातं खसखस करत डावी-उजवीकडं धावलं. मग मागं ढकलायला सांगितलं. चाकातून टक टक टक आवाज आला. पातं जागचं हललं नाही.

"असं का?"

"चाकात खिट्टी असते, बाई. घोडे मागं सरले तर पातं चालू नये म्हणून. मिस्त्री शाळेच्या पोरांना पहिलं हेच..." तो मध्येच थांबला.

"मागं जाताना हे यंत्र कुणाचं बोटच काय, गवताची काडीही कापत नाही. पुढं जाताना कापतं. आणि सपाट फरशीवर ते आपण होऊन पुढं जात नाही. कुणीतरी ओढलं."

"मग मी नाही?"

"तुम्ही नाही."

त्यानं चाकामागच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग म्हणाला, "पण ठोकळा मीच काढला होता ना?" दोष एकदा अंगाला चिकटला की सहजी निघत नाही.

रकाना ४: खोडलं.

मिस्त्री हाताला भलंमोठं बँडेज बांधून शेडच्या दारात उलट्या खोक्यावर बसले होते. दवाखान्यातून स्वतःच्या जबाबदारीवर सही करून परत आले होते. कुणाचं ऐकतील तर ते मिस्त्री कसले.

"दांडा कुणी ओढला?"

"कुणी नाही. मी एकटाच होतो."

"दांड्यापाशीही तुम्ही आणि पात्यापाशीही तुम्हीच?"

"बोटं माझी, चूक माझी. तुम्हाला काय त्याचं?"

बाईंनी विषय बदलला. पात्यापाशी माणूस असताना यंत्र कसं हलवता, एवढंच विचारलं. कामाचं विचारल्यावर मिस्त्रींचा ताठा सैल झाला. पात्यापाशी असेल त्यानं दोन्ही हात वर करायचे, दांड्यापाशी असेल त्यानं ते बघायचे आणि मगच ओढायचं. तोंडानं बोलायचं नाही, कारण शेतात खडखडाटात काही ऐकू येत नाही. बापानं लावलेली शिस्त. पन्नास वर्षांत मोडली नाही.

"आज तुमचे हात वर होते?"

मिस्त्रींनी बँडेजचा हात कुशीत ओढून घेतला.

"नव्हते. पात्यात काड्या धरल्या होत्या, धार बघायला. तरी त्यानं ओढलं. म्हणजे ज्यानं ओढलं त्याला..."

"बाई, नको."

सारथी आता खाली यंत्रापाशी येऊन उभे होते. धिप्पाड म्हातारा, इस्त्रीचा सदरा. बाई खाली गेल्या आणि सहज म्हणाल्या, "पेटीवरची पाटी वाचा बघू. गेल्या वर्षीसारखी."

सारथी पेटीपुढं वाकले. शाळकरी मुलासारखे हात पाठीमागं बांधले आणि खणखणीत आवाजात वाचलं. "दोन घोड्यांचं गवतकापणी यंत्र. पट्टी साडेचार फूट. क्रमांक सात हजार तीनशे एकोणीस."

राखणदार आ वासून त्या रिकाम्या भोकांकडं बघत राहिला.

"दादा, पुरे," मागोमाग उतरून आलेले मिस्त्री म्हणाले.

"का रे? चुकलं?"

"नाही दादा. बरोबर आहे. पाटी आत बाकावर आहे."

मग बाईंनीच सांगितलं. सारथींना दिसत नाही. मिस्त्री धार बघत होते, सारथी दांड्यापाशी होते. हात वर झाले असतील, अशा अंदाजानं त्यांनी एक पाऊल ओढलं. किंकाळी ऐकून यंत्र मागं रेटलं, आणि ठोकळा नसल्यानं ते उतारावरून गेलं.

"उजेड-अंधार कळतो," सारथी म्हणाले. "तो वाकलाय ते कळलं. हात नाही कळले. लिहा माझं नाव."

"मलाही लिहा," मिस्त्री म्हणाले. "तीन वर्षं ठाऊक आहे मला. 'थांब, हात खाली आहेत' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणालो असतो, तर मला कळलंय हे दादाला कळलं असतं."

बाईंच्या पेनचं टोक कागदावर अडलं. गेल्या वर्षी सारथींनी हीच पाटी घडाघडा वाचली होती. यंत्र चालवणाऱ्याला चष्म्याच्या दुकानात नेऊन नजर तपासून घ्यायचा नियम होता. त्या हसून म्हणाल्या होत्या, तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे. आणि त्यांनी सही केली होती.

रकाना ४. दोष कुणाचा: सारथींचा, न बघता ओढल्याचा. मिस्त्रींचा, बघून न बोलल्याचा. निरीक्षकाचा, न तपासता सही केल्याचा.

रकान्यात एकच ओळ होती. तिसरं नाव समासात गेलं.

रकाना ५. चालवण्याची परवानगी: नाही.

यंत्र शेडमध्ये न्यायला हवं होतं. बाईंनी पातं चाकाला जोडणारा खटका सोडवला, दोनदा तपासला. राखणदार एका चाकाला भिडला, बाई दुसऱ्याला. सारथींनी चाचपत दांडा धरला आणि उभे राहिले. ओढेनात.

मिस्त्री उताराच्या कडेला गेले. एक उघडा, एक बँडेजचा, असे हात उचलले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते कामात बोलले.

"दादा, हात वर आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही. ओढ."