रुमालाखालचा सौदा

१९८८ सालच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, जळगावच्या एका मंगल कार्यालयात वाद्यांचा लिलाव ठेवला होता. लग्नाची तिथी नसल्यामुळे हॉल फुकट मिळाला होता. नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात त्या स्टेजवर सतरंजी अंथरून सामान मांडलं होतं: एक क्लॅरिनेट, तबल्याच्या जोड्या, भाता फाटलेली पेटी, पितळी झांजा आणि एका जुन्या बँडमास्तरांचा सोनेरी झालरीचा लाल कोट. लग्नसराई संपली की शहरातल्या बँडवाल्यांना, ढोलकी-पखवाजवाल्यांना काम नसतं. त्यांच्यासाठी थोडा निधी जमवायचा आणि रियाजाला एक खोली भाड्यानं घ्यायची, असा संगीत मंडळाचा विचार होता.

मंडळाचे चिटणीस अभिमन सर कॉलेजात शिकवत. लिलाव पुकारायला त्यांनी जीवराम नानांना गाठलं. नानांनी उभी हयात अमळनेरच्या बाजारात कापसाची दलाली केलेली. आता ते धाकट्या मुलीबरोबर, बेबाबरोबर, जळगावात दोन खोल्यांत राहत होते.

"नाना, उघड बोली लावली तर शेठ लोक एकमेकांची तोंडं बघत बसतील," सर म्हणाले. "तुम्ही रुमालाखाली करा."

"सर, ती पद्धत बंद झाली. मार्केटात केलं तर लायसन जातं."

"हे कुठं मार्केट आहे? लोकांनाही जरा मजा."

मजा नानांनाही वाटत होतीच. हात शिवशिवत होते.

पद्धत सोपी होती. दलालानं आधी मोठ्यानं सांगायचं की एक बोट कितीचं. मग उजव्या हातावर रुमाल टाकायचा. व्यापाऱ्यानं रुमालाखाली हात घालून दलालाची जितकी बोटं धरली तितकी त्याची बोली. आपल्या तोंडावरून दुसऱ्याला भाव कळू नये म्हणून दलालानं समोर बघायचं नाही, वर बघायचं. मनासारखी बोली आली की मूठ मिटायची. मूठ मिटली की सौदा झाला. घेणारा तळव्यात इसार ठेवतो. तो इसार ज्यानं दिला त्यानंच परत घेतला, तरच सौदा मोडतो. दुसरा मार्ग नाही.

लिलाव रंगला. लाल कोट घेतला तो धुळ्याचे तेलाचे व्यापारी चुडामण शेठ यांनी. नानांनी मूठ मिटली तसे ते ओरडले, "हळू ना नाना! मना हात शे तो, कापूस नही!" हॉल हसला. शेठनं तिथेच कोट अंगात घातला, तो पोटावर बसेना, आणि पुन्हा हशा झाला.

शेवटी बेबाचं गाणं होतं. एका संध्याकाळची बैठक, घेणाऱ्याच्या घरी. नानांनी आधी नकारच दिला होता. "पोरीचं गाणं मीच पुकारू? दुसरा कोणी बघा." पण बेबाच म्हणाली होती की तुम्हीच पुकारा, आबा. पुढच्या महिन्यात तिची रेडिओची आवाजचाचणी होती. तिच्या गुरू वच्छलाबाई कधी कुणाची स्तुती करत नसत, पण ही पोरगी पास होणार, हे त्यांनी मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नानांना रेडिओचं कौतुक होतं, पण खरी गोष्ट निराळी होती. बायको गेल्यावर त्या दोन खोल्यांना घर म्हणावं असं एवढंच उरलं होतं. सकाळी भाकरी थापताना बेबा गायची, आणि नाना जागे असूनही अंथरुणात पडून राहायचे.

बाजारात माल विकायचा तर आधी वानगी दाखवावी लागते. म्हणून बेबा स्टेजवर बसून दोन ओळी गाणार होती. मागे वच्छलाबाई तानपुरा घेऊन बसल्या. नाना पुढे आले. "आता, माझी मुलगी..." म्हणाले. पुढचं वाक्य राहिलं. त्यांनी रुमाल हातावर टाकला आणि वर पंख्याकडे बघितलं.

बोट कितीचं, हे त्यांनी सांगितलंच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही आणि समोरच्यांनीही मागच्या वस्तूला होता तोच भाव धरला.

बेबा गाऊ लागली. हात येत गेले. एक घामेजलेला, दोन बोटांचा. मग चुडामण शेठचा, अंगठीवाला, तीन बोटांचा. मग जरा वेळ कोणी आलं नाही. बेबाचा आवाज वरच्या सुरावर जाऊन थांबला, तिथेच राहिला, आणि रुमालाखाली आणखी एक हात आला.

उबदार होता, ताप आलेल्या माणसासारखा. कोरडा. बोटांची टोकं कडक झालेली, रोज तारा छेडणाऱ्याची होतात तशी. त्यानं नानांचं एक बोट धरलं. मग दुसरं. घाई नव्हती. तिसरं, चौथं, मग अंगठा. नानांची पाचही बोटं धरली गेली. आणि तरीही मनगटाच्या आतल्या बाजूला एक बोट मोकळं होतं. ते संथपणे ठेका धरत होतं, बेबाच्या लयीत, जरासुद्धा मागेपुढे न होता.

पूर्ण पंजा म्हणजे सगळ्यांत वरची बोली. नानांनी सवयीनं मूठ मिटली आणि डाव्या हातानं रुमाल ओढला.

समोर कोणी नव्हतं.

पहिल्या रांगेतले शेव-मुरमुरे खात होते. "कोना सौदा व्हयना, नाना?" चुडामण शेठनं बसल्या जागेवरून विचारलं.

"आता हात कोणी घातला होता?"

"तुम्हना समोर कोणीच नव्हतं ना. मी तं केव्हाचा आठे बठेल शे."

मागून कुणीतरी म्हणालं, नानांना बाजाराची सवय सुटली. लोक हसले. अभिमन सरांनी वेळ न घालवता चुडामण शेठचं नाव जाहीर करून टाकलं. नानांनी मूठ उघडली. तळव्यात दोऱ्याचा एक बारीक तुकडा होता.

लोक पांगल्यावर त्यांनी तो वच्छलाबाईंना दाखवला. "हा जवारीचा धागा," त्या म्हणाल्या. "तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवतात. त्यानं तार बोलते. माझाच पडला असेल." त्यांनी तानपुऱ्याची गवसणी काढून पाहिलं. चार तारांखाली चार धागे जागच्या जागी होते. त्यांनी तो तुकडा पुन्हा उजेडात धरला, नानांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाना, हा टाकू नका. आणि तिला सांगू नका." मग त्यांनी तानपुऱ्याला पुन्हा गवसणी घातली.

पुढच्या आठवड्यात एसटीनं नाना, बेबा, वच्छलाबाई, तबलजी असे सगळे धुळ्याला गेले. चुडामण शेठनं बैठक थाटात मांडली होती. घरची माणसं, शेजारी, पेठेतले चार व्यापारी, आणि शेठ स्वतः तो लाल कोट घालून. तबलजीनं हातोडी बाजूला ठेवली. बेबानं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

तिचे ओठ उघडले. गळ्याची शीर ताठ झाली. हात वर गेला. आवाज आला नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, सूर शोधते आहे. तानपुरा चालू होता. तबलजी तिच्या हाताकडे बघून ठेका धरून राहिला. शेठाणीनं पदर तोंडाशी नेला. "आवाज बसना वाटतं पोरना," कुणीतरी कुजबुजलं. बेबा गातच होती. चेहऱ्यावर असं सुख होतं की तिला थांबवायला कुणाची जीभ उचलेना.

नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या उजव्या मनगटाच्या आत एक बोट ठेका धरत होतं. त्यांनी बाही वर केली. मनगट रिकामं होतं. ठेका चालूच राहिला, आणि बेबाचा हात समेवर मांडीवर पडला त्याच क्षणी मनगटावरचं बोटही जरा दाबून थांबलं.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घाम पुसत बेबा नानांजवळ आली.

"आबा, कसं व्हयनं?"

"चांगलं व्हयनं, बेटा."

"मागच्या खोलीत कोण होतं? नेमक्या जागेवर दाद देत होतं. असं ऐकणारं माणूस मी अजून पाहिलं नाही."

नानांनी जाऊन पाहिलं. मागच्या खोलीत शेंगदाण्याची पोती होती, छतापर्यंत रचलेली. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती.

बोलताना तिचा आवाज स्वच्छ होता. गाणं कुणाला ऐकू येत नाही, हे तिला पटेना. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काही नव्हतं. भाकरी थापताना ती गायची तेव्हा नानांना फक्त परातीचा आवाज यायचा, आणि मनगटावर ते बोट. ती गाते आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं. आज चांगलं लागलंय, हेही कळायचं. बोट जरा जास्त वेळ टेकून राहायचं.

आवाजचाचणीहून ती लवकर परत आली. रेडिओवाल्यांनी तिला टेप पुन्हा लावून दाखवली होती. तानपुरा उत्तम आला होता.

"आबा, मले तं ऐकू येस," ती म्हणाली. "सूर न् सूर, बठ्ठं ऐकू येस."

नाना धागा आणि रुमाल घेऊन पुन्हा त्या मंगल कार्यालयात गेले. तिथे कुणाचं तरी लग्न होतं. बँड जोरात होता, पंगती बसल्या होत्या. नाना स्टेजच्या खाली, त्या दिवशी उभे होते तिथेच उभे राहिले. रुमाल हातावर टाकला, धागा तळव्यावर ठेवला आणि वर पंख्याकडे बघत राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग तो हात आला.

नानांनी तळवा पूर्ण उघडा धरला. "इसार परत घ्या," ते पुटपुटले. "चूक माझी. बोट कितीचं, मी सांगितलं नव्हतं. एक संध्याकाळ होती, ती झाली. एक बोट म्हणजे काय धरलंत तुम्ही? तेवढं सांगा."

हातानं धागा घेतला नाही. त्यानं नानांची बोटं एकेक करून धाग्यावर मिटवली. करंगळीपासून. हळू, लहान मुलाच्या हातात खाऊ देऊन मूठ मिटवतात तशी. शेवटी अंगठा.

मूठ मिटली.

"बाबा, एकटे काय उभे?" मुलीकडचा कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होता. "चला, पंगत बसली. रुमाल काढा, जेवून घ्या."

नानांना पानावर बसवलं. त्यांनी डाव्या हातानं वरण-भातात बोटं घातली. उजवी मूठ उघडत नव्हती. घरी आल्यावर उघडली. धागा आत होता.

होळीनंतर बेबानं गाणं सोडलं. ते तिनं सांगितलं नाही. नानांच्या मनगटाला कळलं. वच्छलाबाई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या नाहीत. बेबा शिवणाच्या क्लासला जाऊ लागली. मनगट शांत झालं. नानांना वाटलं, सुटलो. मग याचंच त्यांना वाईट वाटलं.

मे महिन्यातली दुपार होती. पत्रे तापले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नाना ओसरीवर आडवे झाले होते. मनगटाच्या आत ठेका सुरू झाला.

ते उठून आत गेले. बेबा फरशीवर कुशीवर झोपली होती. श्वास संथ. ओठ घट्ट मिटलेले.

गळा हलत होता. शीर ताठ व्हायची, सैल व्हायची, पुन्हा ताठ व्हायची.

"बेबा," नानांनी हाक मारली. त्यांनी तिचा खांदा हलवला. ती उठली नाही. मांडीवर ठेवलेला तिचा हात सम दाखवून पुन्हा खाली पडला.

नाना तिच्याजवळ बसले. दुसऱ्या हातानं त्यांनी आपलं मनगट गच्च आवळून धरलं. ठेका खालून चालूच होता. आता तो दोन बोटांनी पडत होता.