सहावी पट्टी

वर्नियर कॅलिपरवर भिंतीची फट ०.८ मिलिमीटर भरली. वसुमतीने आलेखाच्या कागदाची पट्टी फटीवर आडवी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं : ९/२, स. ८.१०. फट वाढली तर कागद फाटेल. आधीच्या चारही पट्ट्या शाबूत होत्या.

"मॅडम, भिंत पास की नापास?" फटीखालच्या खुर्चीतून प्रल्हादने विचारलं. अठरा वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये काढून त्याने कैनाडला हे घर बांधलं होतं.

"फट फक्त गिलाव्यालाच गेलीय," ती म्हणाली.

नोव्हेंबरपासून भूकंपाचे हादरे चालू होते. शेजारची जिवली बिऱ्हाड घेऊन शेतात ताडपत्रीखाली राहायला गेली होती. प्रत्येक हादऱ्यानंतर वसुमती ठरवायची, आज ह्यांना सांगायचंच, इथून निघू या. मग त्या खुर्चीकडे बघून पुढची पट्टी कापायला घ्यायची.

नववीतली श्रुतिका फोनवर गेम खेळत होती. अंदमानचं बॅरन बेट, पण दोनशे वर्षांनंतरचं. ज्वालामुखीच्या उतारावर काचेचे घुमट आणि राख उपसणारे यंत्रमानव.

"आई, हे बघ ना. ह्या घुमटात कोणीतरी तुझ्यासारखंच करून ठेवलंय."

आतल्या भिंतीला फट होती. फटीवर आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या होत्या. वसुमतीने चित्र मोठं केलं. पाच पट्ट्यांवर तिच्याच तारखा होत्या, तिच्याच अक्षरात; पाचवीवर तिचा लांब शेपटीचा नऊ.

तिथे सहावीही होती. मधोमध फाटलेली. १६/२, दु. १.४०. खाली एक खुर्ची आडवी पडली होती.

"आपल्या भिंतीचे फोटो तू टाकलेस यात?"

"ह्या गेममध्ये फोटो टाकताच येत नाहीत, आई."

आठवडाभर वसुमतीने कापलेल्या पट्ट्या वहीत घालून वही स्वतःच्या पिशवीत ठेवली. सहावी लावलीच नाही. न लावलेली पट्टी फाटणार कशी, एवढाच तिचा तर्क होता. वर्गात शिकवताना तो तिला पुरेसा वाटायचा, बसमध्ये नाही.

शनिवारी बोर्डीची तिची सकाळची शाळा सुटली. डहाणूला बस रखडली. ती घरी पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. जिवलीच्या शेळ्या दाव्याला हिसडे देत होत्या. श्रुतिका त्यांना पाला घालत होती.

"बाबा कुठेत?"

"खुर्चीत."

ओट्यावरच्या हंड्यातलं पाणी थरथरत होतं. पायाला काहीच जाणवत नव्हतं.

भिंतीवर सहा पट्ट्या होत्या.

प्रल्हादने पेपर खाली केला. "विसरलीस ना? टेबलावर पडली होती, मीच लावली. पण वेळ पुढची टाकलीयस बघ."

वही सकाळपासून तिच्या पिशवीत होती.

तिने बोट लावलं. डिंक ओला होता. दुपार, १.४०. अक्षर तिचंच.

घड्याळात एक अडतीस.

"अहो, उठा," वसुमती म्हणाली. "हे घर आपण सोडतोय."