पत्ता कापलेला कचरा

"गेला! गेला! गेलाच!" भिंगरी कमरेवर हात ठेवून ओरडली. "वकिला, तुला सरळ मारायला सांगितलं होतं, आभाळात नाही!"

"मुळात," वकील चष्मा वर सरकवत म्हणाला, "चेंडू मी मारला, हे मान्य. पण तू तो टाकलास कसा, हे आधी बघायला हवं..."

"चेंडू छापखान्यात पडलाय," शेपूट म्हणाली आणि धावत सुटलीसुद्धा.

भिंगरी एका जागी कधी उभी राहत नाही, वकील प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो आणि शेपूट ही वकिलाची धाकटी बहीण, सदैव या दोघांच्या मागे. पण तिघांत डोळे खरे तिचेच. सुट्टीचा दुसरा आठवडा होता आणि चेंडू एकच होता. तेव्हा गल्लीच्या टोकाच्या बंद छापखान्याच्या भिंतीवर चढणं भागच होतं.

तिघांनी पलीकडे डोकावलं आणि तिघांनीही एकदम नाकं धरली.

अंगणात कचऱ्याचा डोंगर होता! निळ्या, पांढऱ्या, काळ्या पिशव्या, खोकी, साली, बाटल्या. चेंडूचा पत्ता नव्हता.

"अरे बापरे!" भिंगरी म्हणाली. "म्हणून गल्ली एवढी स्वच्छ दिसते होय!"

तर आता त्या स्वच्छ गल्लीचं थोडं ऐकाच. महिन्यापूर्वी नगरपालिकेनं पत्रक काढलं. रोज येणारी कचरागाडी आता आठवड्यातून एकदा येणार आणि कागद-प्लास्टिक न्यायला महिन्यातून एकदा. झालं! गल्लीतल्या मोठ्या माणसांवर जणू आभाळच कोसळलं. सभा भरली. गल्लीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी भाषण ठोकलं, "आपण सुशिक्षित माणसं आहोत! ओला वेगळा, सुका वेगळा, कचरा कमीत कमी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन आपापली अक्कल पाजळली. बेकरीवाल्या काकूंनी आपल्या डब्याला कुलूप लावलं, का, तर शेजारी त्यात कचरा टाकतील! शिंपीकाकांनी चिंध्यांची पोती जिन्याखाली रचली आणि वर पडदा लावला. भिंगरीच्या बाबांनी तर फळांच्या साली फ्रीजमध्ये ठेवल्या. सरबत काढायला गेलेली आई जी किंचाळली, ते तीन घरांपर्यंत ऐकू गेलं.

आणि मग दोन आठवड्यांत सगळं शांत. कुलपं निघाली, पडदे निघाले, गाडी न येताच डबे रिकामे! एकाही मोठ्या माणसाला याचं नवल वाटलं नाही. वाटेल कसं?

तिघं भिंतीवरून उतरली, तर समोर झाडूवाल्या मावशी हातगाडीला टेकून बसलेल्या. गल्लीत कोणाची किल्ली, कोणाचं कानातलं, काही सापडलं तरी मावशी ते गाडीला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि ज्याचं त्याला परत करायच्या. मुलांचे चेंडू तर किती वेळा परत केले असतील, त्याला गणती नाही. आज मात्र त्यांच्या हातात एक कागद होता.

"वाच रे वकिला," त्या म्हणाल्या. "माझं वाचून झालंय. पण चुकीचं वाचलं असेन तर बरं."

वकिलानं वाचलं. अध्यक्षांनी नगरपालिकेकडे तक्रार केली होती. छापखान्यातून घाण वास येतो. झाडूवाली बाई कामचुकार असून गोळा केलेला कचरा गाडीपर्यंत न नेता तिथेच टाकते. शनिवारी दहा वाजता निरीक्षकसाहेब पाहणीला येणार. आरोप खरा ठरला तर कामावरून कमी.

"अकरा वर्षं झाडतेय मी ही गल्ली," मावशी म्हणाल्या. "एकानं तरी विचारायचं होतं मला!"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. "शनिवार म्हणजे तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "पुष्कळ झाले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघं हातमोजे घालून छापखान्यात उतरली.

"मावशींच्या झाडलोटीत काय असतं? पानं आणि धूळ," वकील म्हणाला. "इथे बघा. एक पान नाही! सगळ्या घरातल्या गाठ मारलेल्या पिशव्या."

"दादा, हे बघ," शेपूट म्हणाली. तिच्या हातात एक खोकं होतं. खोक्याला बरोब्बर मधोमध चौकोनी भोक. मग एक पाकीट, त्यालाही चौकोनी भोक. मासिकाचं वेष्टन, तिथेही तेच! "उंदीर एवढं सरळ कुरतडतात?"

वकील पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "इथे पत्ता असतो. कात्रीनं पत्ते कापलेत! अगं, झाडूवाल्या मावशी कशाला लोकांचे पत्ते कापत बसतील? ज्याला आपला पत्ता लपवायचाय, तोच..."

धप्प! भिंतीवरून एक निळी पिशवी उडत आली आणि वकिलाच्या डोक्यावर आदळली. चष्मा एका कानावर लटकला.

"खाली बसा!" भिंगरी कुजबुजली. तिघं अंगणात पडलेल्या जुन्या छपाई यंत्राआड दडली. धप्प! दुसरी पिशवी. थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यातून तिसरी. भिंतीपलीकडे पावलं येत होती, थांबत होती, लगबगीनं जात होती. सकाळचं फिरणं चाललं होतं म्हणे! चौथ्या पिशवीनंतर भिंतीपलीकडे कोणीतरी दोनदा खाकरलं आणि शीळ घालत निघून गेलं.

भिंगरीचा चेहरा पडला. ती शीळ तिला रोज सकाळी घरात, दाढीच्या वेळी ऐकू यायची.

"बाबा," ती म्हणाली. "आमचे बाबा आहेत ते."

शेपटीनं तिचा हात धरला. भिंगरीला इतकी लाज वाटली की त्या पिशव्यांखाली जाऊन लपावंसं वाटलं. पण मग तिला मावशींचा कागद आठवला.

"उघड ती पिशवी," ती म्हणाली. "हातमोजे न काढता उघड."

आत सालींबरोबर एक स्टीलचा चमचा होता, दांड्यावर फूल कोरलेला. आई चार दिवस शोधत होती तो!

"यांना पत्ता कापायला डोळे आहेत," भिंगरी फणकारली, "आणि चमचा बघायला नाहीत!"

"थांब, थांब!" वकील ताडकन उभा राहिला. "आपण कोणावर आरोप केला तर काय होईल? 'पोरं खोटं बोलतात,' एवढं म्हणून मोकळे! पण चमचा कोणाचा, हे त्यांनी स्वतःच सांगितलं तर?"

शुक्रवारचा अख्खा दिवस त्या डोंगरात गेला. काय काय निघालं म्हणता! टीव्हीचा रिमोट. चिंध्यांच्या गाठोड्यात शिंपीकाकांची मोठी कात्री, जिनं बहुधा पत्ते कापले होते आणि मग चिंध्यांबरोबर स्वतःच कचऱ्यात गेली. बेकरीवाल्या काकूंचा केकचा साचा. आणि एका काळ्या पिशवीत, चुरगाळलेल्या कागदात गुंडाळलेली...

"ईऽऽ! कवळी!" शेपूट किंचाळली.

वकिलानं कागद उलगडला आणि वाचला. पुन्हा वाचला. मग तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "हा कागद असाच ठेवायचा," तो म्हणाला. "कवळीसकट!"

प्रत्येक वस्तू साबणानं धुतली गेली, कवळी सोडून. वस्तू कुठल्या पिशवीत सापडली तेही वहीत उतरलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मावशींच्या हातगाडीजवळ एक टेबल होतं. वर पाटी होती: हरवलं-सापडलं. वस्तू ओळखा, सही करा, घेऊन जा. मावशींचा डबा सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

"अगंबाई, माझा साचा!" काकू धावत आल्या. "नक्की तुमचाच ना?" वकिलानं विचारलं. "अरे, हा बघ कडेला पोचा आहे, मीच पाडलाय!" झोकात सही झाली. शिंपीकाकांनी कात्रीचा मुका घ्यायचाच बाकी ठेवला. रिमोटवर तर दोघांनी हक्क सांगितला. फुकटात काही मिळतंय म्हटल्यावर एवढी शिस्तीची रांग या गल्लीत कधी लागली नव्हती.

रांगेत भिंगरीचे बाबाही होते. "अरे वा, आपला चमचा! आई खूश होणार," ते म्हणाले.

"सही करा, बाबा," भिंगरी म्हणाली. बाबांनी हसत सही केली. तिच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

दहाला निरीक्षकसाहेब आले, कडक इस्त्रीत आणि नाकाला रुमाल लावून. मागोमाग अध्यक्ष आले, तेही तोंडाला रुमाल लावून. सोमवारपासून ते असेच फिरत होते. दाढ दुखते, म्हणत होते.

"ही ती बाई," अध्यक्ष रुमालातून पुटपुटले.

"आजोबा," वकील गोड आवाजात म्हणाला, "ही कवळी कोणाची, हे काही कळत नाही. बिनमालकाची असेल तर साहेबांकडे जमा करतो."

"थांब!" अध्यक्षांचा रुमाल खाली आला. आत एकही दात नव्हता! "माझी आहे ती! लिहिताना काढून कागदावर ठेवतो मी. कुठे गेली कळेचना."

"सही करा," वकील म्हणाला. अध्यक्षांनी सही केली. "आणि हा कागदही घ्या. यातच गुंडाळलेली होती."

पण कागद निरीक्षकसाहेबांनी घेतला. तो तक्रार अर्जाचा कच्चा खर्डा होता. तीनदा खोडलेला, खाली अध्यक्षांची ऐटदार सही. "'झाडूवाली बाई छापखान्यात कचरा टाकते,'" साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "हे कुठे सापडलं?"

"छापखान्यातल्या कचऱ्यात," शेपूट म्हणाली. "टेबलावरचं सगळंच तिथलं आहे. आणि या सगळ्यांच्या सह्या."

काकूंनी साचा पदराआड लपवला. शिंपीकाका कात्री मागे धरून उभे राहिले. मग कुजबुज सुरू झाली. "तुम्हीपण?" "अहो, मला वाटलं, मी एकटाच!" प्रत्येकाला वाटत होतं, मी एकट्यानं टाकल्यानं काय होतंय! सुशिक्षित माणसं ती!

"अहो, पण गाडीच आठवड्यातून एकदा येते..." कोणीतरी कुरकुरलं.

"म्हणून मावशींची नोकरी घालवायची?" भिंगरी ओरडली. "तुम्ही पत्ते कापलेत! म्हणजे चूक आहे हे माहीत होतं तुम्हाला! बाबा, तुम्हालाही!"

बाबांनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. मग ते मावशींसमोर गेले. "चुकलं आमचं, मावशी," ते म्हणाले. "मी टाकला कचरा. मीच उचलतो."

निरीक्षकसाहेबांनी तक्रार फाडली. वहीतल्या प्रत्येक सहीकर्त्याला दुपारपर्यंत अंगण साफ करायचा हुकूम दिला. गाडी रोज कधी येणार, या प्रश्नावर मात्र "वरून आदेश आहेत" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्यांचं शौर्य तेवढंच!

दुपारी सगळी गल्ली पिशव्या उपसत होती. अध्यक्ष दात बसवून सूचना द्यायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांच्या हातात पोतं दिलं. संध्याकाळपर्यंत सगळे म्हणू लागले, "पोरं मोठी हुशार हो आमची! शाबास!" जणू ती अक्कल यांनीच शिकवली होती.

मुलांनी तिकडे लक्षही दिलं नाही. ती मावशींच्या गाडीजवळ बसली होती. मावशींनी डबा उघडला आणि आतून चेंडू काढला, पुसून लख्ख केलेला.

"ढिगाच्या तळाशी होता," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत माझ्या बाजूनं कोणी उभं राहिलं नव्हतं, पोरांनो. तुम्ही राहिलात."

वकिलानं चेंडूसाठी हात पुढे केला.

"अंहं," मावशी चेंडू मागे घेत म्हणाल्या. "आधी सही."