जिवंत भेग

बोलता बोलता भिंतीवर बोटं वाजवायची ही तुमची सवय जरा आवरा हो. दुसऱ्यांदा सांगतेय. का, ते ऐकायचंय? मग हात मांडीवर ठेवून ऐका.

इमारती का पडल्या, हे शोधणं माझं काम. पडलेल्यांचं पोस्टमॉर्टेम आणि उभ्या असलेल्यांची नाडीपरीक्षा. नेमकी माझ्या ताईचीच इमारत मधोमध फाटून अर्धी कोसळली. ताई वाचली, माझ्याकडे राहायला आली आणि तिनं माझं डोकं उठवलं. तिच्या भिंतीपलीकडच्या शेजारीणकाकू ढिगाऱ्यात सापडल्या नव्हत्या. "त्या जिवंत आहेत गं. मला घरी जाऊ दे, त्या मला शोधत येतील," हा एकच धोशा. समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला.

उरलेली बाजू राहण्याजोगी आहे का, ते बघायला मी भर दुपारी गेले. ताईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला उभी भेग होती. वाढणाऱ्या भेगेला आमच्यात जिवंत म्हणतात, थांबलेलीला मेलेली. ते ओळखायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. भेग हलली की काच तडकते. आठवड्यापूर्वी मी लावलेली पट्टी शाबूत होती. चला, एकदाची मेली, ताई जाईल आपल्या घरी, म्हणून मला हायसं वाटलं.

मग नेहमीसारखी हातोडीनं भिंत ठोकली. टक, टक. आम्ही दोनदाच ठोकतो. पहिल्या ठोक्याला कान लागतो, दुसऱ्याला आतली पोकळी कळते.

पलीकडून उत्तर आलं. टक, टक.

पलीकडे खोलीच उरली नव्हती. उघडी हवा, आणि चार मजले खाली ढिगारा.

"कोण आहे रे तिकडे? जिवाशी खेळ आहे हा!" मी खेकसले. ओल्या सिमेंटचा वास आला... आणि काचेवर वाफ धरली. वैतागून रुमालानं पुसली. जाईना. वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती, बरोबर भेगेवर. धरत होती, विरत होती...

तेवढ्यात ताईचा फोन. "काय गं, मेली की जिवंत?"

"ताई, तुझी भिंत ठोकली, तर..."

"किती वेळा ठोकलीस?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"दोनदा."

"अगं, ती तर आमची खूण! दोनदा म्हणजे, चहाला या. काकूंनी उलट वाजवलं, की समजायचं, निघाल्या..."

समोरची काच कोरडी पडली होती. फोनमध्ये, माझ्या घरात, कुणीतरी दार वाजवलं. दोनदा.

"उघडू नकोस! ताई, ऐक माझं!"

जन्मात कधी ऐकलंय तिनं माझं?

"अगंबाई, काकू! केसांत केवढी ही धूळ..." आणि फोन बंद.

घरी पोचले तर दार आतून बंद. फोडून आत शिरले. टेबलावर चहाचे दोन कप, भरलेले, अजून गरम. ताई नाही, कुणीच नाही. आणि तुम्ही टेकला आहात ना, त्या भिंतीला नवीकोरी भेग.

जो तो मलाच विचारतो, ताई गेली कुठे? काय सांगू, कपाळ? भेगेवर पट्टी चिकटवली आहे. ती तडकत नाही. मी रोज पुसते, तरी तिच्यावर वाफ धरते. दोन जागी.

म्हणून म्हणते, बोटं आवरा. दोनदा वाजवलं तर माझी ताई येईलही... पण एकटी येणार नाही.