सूज उतरेपर्यंत

"आजी, या इकडे. बसा सावकाश."

एस.टी.त माझ्यासाठी जागा सोडून उभा राहिलेला पोरगा मला हे म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांची मी! आजी म्हणे!

पण खरं सांगू, त्याचं तरी काय चुकलं? नागपूरचं ऊन, तोंडाला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा, डोळे तेवढे उघडे. आणि कमरेतून पार वाकलेली मी, एक हात पोटावर दाबून पाऊल-पाऊल सरकत होते. मला सरळ उभंच राहता येत नव्हतं. राग आला होता, पण पोटाला राग कळत नाही. मी मुकाट्यानं बसले.

पोटाचं सांगून टाकते एकदाचं. लहानपणापासून मी जाडी. सेलूच्या बाजारात आमचं 'हिरालाल किराणा' दुकान, त्यामुळे 'हिरालालचं पोतं' हे माझं नाव शाळेतच पडलेलं. दोन वर्षं रोज चालून, भात-साखर सोडून मी वजन उतरवलं, पण पोटाची कातडी तशीच लोंबत राहिली. उन्हाळ्यात तिच्याखाली घामोळं, जखमा, पावडरचे डबेच्या डबे. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी ती जास्तीची कातडी कापून पोट आवळून शिवलं. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाके, वरून रात्रंदिवस पोटाचा पट्टा. आणि सूज. डॉक्टर म्हणाले, पूर्ण उतरायला काही महिने लागतील, घाई करू नका. घाई मला नव्हती. आईला होती.

केळझर गाव मागे पडलं आणि पाणी प्यायला मी दुपट्टा सोडला. तो वरच्या दांड्याला धरून उभाच होता. त्यानं पाहिलं... आणि त्याचे कान लालभडक झाले.

"सॉरी... मले वाटलं—"

"काय वाटलं? नातवाकडे चालली असन म्हणून?"

"नाई वो, तुमी वाकून... म्हणजे—"

"मग उठू का? बसता तुमी?"

"बसा, बसा! आजी नसल्या तरी बसा."

मला हसू आलं, तिथंच घात झाला. टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी. "अव माय! हसवू नका ना!"

"मी कुठं हसवलं? मी तर घाबरलो आहो."

मागच्या सीटवरून आई सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हर्नियाचं ऑपरेशन झालं तिचं!" हे आमचं घरात ठरलेलं उत्तर. पोरीनं पोट कापून छान करून घेतलं, हे लोकांना सांगायचं कसं? हर्निया कसा, सोज्वळ आजार.

तोही सेलूलाच उतरला. धीरज त्याचं नाव, राहणारा हिंगणीचा. आमच्या दुकानासमोर ठिबकच्या नळ्यांचं नवीन दुकान त्यानंच घेतलं होतं. आता बोला!

डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. मी सकाळी हिंगणीच्या रस्त्यानं निघायचे, तो त्याच रस्त्यानं पांढऱ्या पिकअपमधून यायचा. पहिल्या दिवशी हात केला. दुसऱ्या दिवशी गाडी थांबवली. मग गाडी नाक्यावर ठेवून तो माझ्या चालीनं चालायला लागला, आणि माझी चाल म्हणजे गोगलगायीलाही कंटाळा येईल अशी. पळस फुलला होता. गहू निघालेल्या शेतांतून कोरडा, गोडसर वास यायचा. तो उगाच काहीबाही बोलायचा आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायचा.

"दुखते का?"

"थोडं."

"मग थांबू."

"तुमाले दुकान नाई का?"

"दुकान कुठं पळून जाते?"

होळीपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं. कोणी आधी म्हटलं, आठवत नाही... खोटं कशाला बोलू, मीच म्हटलं.

पण संध्याकाळी मी बाहेर पडत नसे. सूज फार लबाड असते. सकाळी पोट पाटीसारखं सपाट, दुपार कलली की फुगायला सुरुवात. सकाळी जिथं सलवारीची नाडी बांधली, तिथं संध्याकाळी ती पोचायची नाही. मग मी माडीवरच्या खिडकीत बसून पाहायचे. शटर ओढताना तो आमच्या दुकानाकडे बघायचा, थोडा रेंगाळायचा, आणि जायचा. पिकअपचा आवाज विरेपर्यंत मी खिडकी सोडत नसे.

"संध्याकाळची काऊन दिसत नाई तू?"

"झोपते मी."

"बाबाले विचारलं म्या. त्याहिले झालता हर्निया. म्हणते, महिन्याभरात बैल हाकत होतो. तुले अजून पट्टा कायले?"

"बायकांचा हर्निया वेगळा असते."

"असं होय?" म्हणून त्यानं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की माझं मन मलाच खायला उठलं. एवढ्या भोळ्या माणसाशी मी खोटं बोलते! मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण तो ज्या पोरीची चौकशी करायचा ती कोणी दुसरीच, हर्नियावाली होती. खरं सांगितलं आणि त्यानं तोंड फिरवलं तर? 'दिसण्यासाठी पोट कापते, कशी पोरगी आहे,' असं म्हणाला तर? रोज ठरवायचे, उद्या सांगते. रोज तो 'दुखते का' विचारायचा, आणि मी 'थोडं' म्हणून पुढं चालायला लागायचे.

तेवढ्यात आईनं नागपूरचं स्थळ आणलं.

"सकाळी आठले पोहे ठेवू," ती म्हणाली.

"आठले? सकाळी आठले कोणी पोरगी पाह्यते का आई?"

"तुझं पोट आठलेच जाग्यावर असते! दुपारच्या आत गेले पाहिजेत ते."

हे मी धीरजला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पाहुणे सकाळच्या पॅसेंजरनं सिंदीला उतरणार होते. तर पुढं मालगाडी बंद पडलेली, पॅसेंजर बुटीबोरीलाच तासन् तास उभी. मी पहाटेपासून साडी नेसून ताठ. पोहे दोनदा केले, दोनदा घरातल्यांनीच खाल्ले. चार वाजता फोन आला: सिंदीला उतरलो, पण जीप मिळत नाही. बाबांनी समोर हाक मारली, "धीरजराव, तुमी सिंदीकडेच जाऊन राह्यले ना? आमचे पाहुणे घेऊन येता?"

"आणतो ना काकाजी," तो म्हणाला. कसले पाहुणे, हे त्यानं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

साडेपाचला तो मुलाला, मुलाच्या बापाला आणि आत्याला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. मी ट्रे घेऊन बाहेर आले. त्यानं माझी साडी पाहिली, गजरा पाहिला, पोह्यांच्या बशा पाहिल्या. हातातली किल्ली तशीच धरून तो दाराशी थिजला. बाबा म्हणाले, "बसा हो, चहा घेऊन जा." आणि तो बिचारा बसला.

माझं पोट तोवर मस्त तट्ट फुगलेलं. साडीच्या निऱ्या पुढं आल्या होत्या. आत्याची नजर तिथंच.

"ऑपरेशन झालं म्हणे पोरीचं? कायचं?"

"हर्नियाचं," आई घाईनं म्हणाली. "एकदम चांगली आहे आता."

"अगंबाई, हर्निया? आमच्या शेजारणीचा तीनदा उलटला. लेकरू झालं की पुन्हा उलटते तो. आणि हे पाहा ना, सूज तर दिसूनच राह्यली!"

घ्या! खरं ऐकून लोक पळू नयेत म्हणून जे खोटं रचलं, त्याच खोट्याला भिऊन पाहुणे पळायला निघाले. आईचा चेहरा पांढरा पडला. बाबा फरशीकडे पाहत होते. आणि दाराजवळ धीरज... तो माझ्याकडे पाहत होता, तसाच, रोजच्या काळजीनं. ते मला सोसलं नाही.

"मले हर्निया नाई झाला, आत्याबाई."

"मयुरी!" आई ओरडली.

"मी जाडी होती. वजन मी उतरवलं, कातडी लोंबत राह्यली, ती काढून घेतली. प्लॅस्टिक सर्जरी म्हणते त्याले. माझ्या मनानं केली. संध्याकाळी सूज येते, अजून काही महिने येईन. बस."

आत्यानं बशी खाली ठेवली. मुलाच्या बापानं घड्याळ पाहिलं. "कळवतो आम्ही," तो म्हणाला.

"चला, सोडतो स्टेशनवर," धीरज म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

आई रडली. "आता बाजारात तोंड दाखवायची सोय नाई ठेवली तू!" बाबा मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे शकुंतला. पोरगी काही दुकानातला माल नाई."

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर गेले. पांढरी पिकअप आली, हळू झाली... आणि निघून गेली. मी तिथंच बांधावर टेकून रडले. सगळा दिवस मला घास गेला नाही. संध्याकाळी सूज होती तेवढी आली, आणि मी चपला घातल्या. दुपट्टा तोंडाला न गुंडाळता, भर बाजारातून, समोरच्या दुकानात गेले.

तो नळ्यांचं वेटोळं बांधत होता. "बसा," म्हणाला. पुन्हा 'तुमी'वर!

"बसलं की पट्टा रुतते. बोलायला आली आहो. मी खोटं बोलली."

"माहीत आहे."

"ऑपरेशनचा राग आला?"

"ऑपरेशनचा कायले येईन? पोट तुझं आहे!" त्यानं वेटोळं आपटलं. "मी रोज बाबाले विचारून येत होतो, मयुरी. बाबा म्हणे, एवढे दिवस हर्निया राहत नसते, पोरीले दुसरंच काही आहे, घरचे लपवून राह्यले. मले वाटलं तुले... कॅन्सर आहे. रात्र-रात्र झोपलो नाई मी. केळझरच्या गणपतीले नवस बोललो."

मी आपली लाज झाकत बसले होते, आणि इकडे हा माणूस माझ्या मरणाला भीत होता.

"दुखणं खरं होतं," मी कशीबशी म्हणाले. "नाव खोटं होतं."

"आणि ते पाहुणे? मीच आणले त्याहिले! माझ्या गाडीत! डिझल माझं!"

"मग रस्त्यात उतरवून द्यायचे होते."

"आणताना माहीत असतं तर दिलेच असते!"

मला हसू फुटलं. रडतही होते आणि हसतही होते, दोन्ही हातांनी पोट धरून. तो एकदम पुढं आला. "हसू नको, टाके ओढतीन—"

"टाके कधीचे निघाले. धीरज... मले तू आवडतो. खूप."

त्यानं आपटलेलं वेटोळं उचलून जागेवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मले तर तू एस.टी.त भांडली तेव्हापासून." आणि त्याचे कान पुन्हा लाल.

"घरी सांगतलं?"

"राग होता तरी काल रात्री सगळं सांगतलं. कॅन्सर नाई म्हटल्यावर आईनं देवापुढं दिवा लावला. म्हणते, पोरगी दाखव आमाले. मी म्हटलं, तिची सूज उतरू दे आधी. दिवाळीनंतर—"

"नाई. आईबाबाले आताच आण."

"आता? या वेळी?"

"हिंगणी काय सातासमुद्रापार आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, आणि मग पोटाकडेही, सरळ. मी हात पुढं घेतला नाही. त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली, शटर अर्धं ओढलं, आणि धावतच गाडीत बसला.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती.

"आई, चहाचं आधण ठेव. पाहुणे येऊन राह्यले."

"कोण? या वेळी? अगं, पोट पाह्यलं का आपलं?"

"पाह्यलं," मी म्हणाले, आणि फळीवरच्या कपबशा काढायला घेतल्या.