मऊ खुर्ची आणि हलका दांडा

रविवारी सकाळी केतकी नव्याकोऱ्या सिम्युलेटरमध्ये (घरबसल्या विमान चालवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रात) बसली. तिने डोळ्यांपुढे आकाश उभं करणारा मोठा चष्मा चढवला, कराडच्या धावपट्टीवरून विमान उडवलं, आगाशिवाच्या डोंगराला एक वळसा घातला आणि खाल्लेले सगळे पोहे बादलीत ओकून टाकले.

मग आई बसली. आई म्हणजे खमकं प्रकरण, घाटातल्या बसमध्येही खुशाल पुस्तक वाचणारी. तिनेही दोन वळणांत हात टेकले आणि लिंबू हुंगत पलंगावर जाऊन पडली.

शेवटी आबा बसले. आबा म्हणजे आईचे वडील. गेल्या वर्षीच्या मोठ्या आजारपणापासून घरात उठता-बसता एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आबांना चक्कर येते.’ म्हणून केतकी बादली धुऊन त्यांच्याशेजारी तयारीत उभी राहिली. पण आबांनी विमान डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, ढगातून सरळ खाली आणलं, आणि त्यांना काही म्हणजे काही झालं नाही.

ज्यांना घरात चालतानाही भिंत धरावी लागते ते मजेत, आणि धडधाकट माणसांची मात्र भंबेरी उडालेली! केतकीला हे काही केल्या उलगडेना.

पण मजेत तरी कसं म्हणावं? उतरताना आबा म्हणाले, “छान आहे हो.” दवाखान्यातल्या बिनमिठाच्या खिचडीलाही ते याच आवाजात छान म्हणायचे. सोमवारी ते यंत्राकडे फिरकले नाहीत. मंगळवारी त्यांनी त्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. ते पाहून केतकी हिरमुसली, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच तर आणलं होतं.

आबा वैमानिक होते. त्यांचं विमान प्रवाशांचं नव्हे, बियांचं. सह्याद्रीच्या बोडक्या डोंगरांवर पावसाळ्याआधी मातीत वळलेले बियांचे गोळे टाकत ते जन्मभर हिंडले. आज कराडभोवती दिसणारी कितीतरी झाडी त्यांच्या विमानाच्या पोटातून पडलेली आहे. आजारपणानंतर त्यांचा उडण्याचा परवाना गेला, आणि बोलका माणूस गप्प झाला. तेव्हा मायलेकींनी त्यांच्या वाढदिवसाला, त्यांना न सांगता, हे यंत्र घरी आणायचं ठरवलं. दुकानात आईने खुर्ची निवडली. आबांची पाठ दुखू नये म्हणून सगळ्यात मऊ, जाडजूड फोमची, बसलं की कमरेपर्यंत आत बुडवणारी. केतकीने जॉयस्टिक (विमान वळवण्याचा उभा दांडा) निवडली. आबांचा हात दमू नये म्हणून सगळ्यात हलकी, करंगळीनेही फिरेल अशी. इतक्या प्रेमाने निवडलेल्या वस्तू अशा पडून राहिल्या, याचं तिला राहून राहून वाईट वाटत होतं.

शेवटी ती ठोंब्याकडे गेली. ठोंब्या हा घरातला यंत्रमानव. काम नसलं की दारात खांबासारखा उभा राहतो म्हणून आबांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं.

“ठोंब्या, मला ओकारी का झाली?”

“त्याचं कारण भांडण आहे,” ठोंब्या भाजी निवडता निवडता म्हणाला. “आपण हलतोय की स्थिर आहोत, हे मेंदूला तीन साक्षीदार सांगतात. पहिले डोळे. दुसरा कान.”

“कान? कान तर ऐकायला असतात.”

“ऐकणं हे कानाचं एक काम झालं. कानाच्या आत खोलवर संतुलनेंद्रिय (शरीराचा तोल सांभाळणारा अवयव) असतं. त्यात बारीक नळीची तीन कडी असतात, आणि त्यांत पाणी असतं. आता ही वाटी बघ.” त्याने वाटीत पाणी घेतलं, त्यावर कोथिंबिरीचं एक पान सोडलं आणि वाटी झर्रकन जागच्या जागी फिरवली. वाटी फिरली, पण पान होतं तिथेच राहिलं. “वाटी वळली, पाणी मागे राहिलं. तसंच तू मान वळवलीस की कडी वळतात आणि आतलं पाणी मागे राहतं. त्या पाण्याने तिथल्या रोमपेशी (केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी) वाकतात, आणि मेंदूला निरोप जातो की डोकं वळलं.”

“आणि तिसरा साक्षीदार?”

“कातडी आणि स्नायू. कुठे किती दाब पडतोय, ते तेवढंच सांगतात. आता सिम्युलेटरमध्ये डोळे ओरडतात, ‘वळलो, वळलो!’ कान म्हणतो, ‘खोटं आहे, आपण बसल्याजागी आहोत.’ साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि त्याची शिक्षा पोटाला होते.”

केतकी हसली. मग तिच्या मनात एक विचार आला आणि तिचं हसू मावळलं. “म्हणजे आबांच्या कानाने भांडण केलंच नाही?”

ठोंब्याचा हात भाजीवर थांबला. “हे तू आबांना विचार,” तो म्हणाला.

आबा गॅलरीत बसले होते. केतकीने जाऊन त्यांना तेच विचारलं.

“भांडायला कान उरलेत कुठे, पोरी,” ते म्हणाले. “त्या आजारात रक्तात विष भिनलं होतं. जे औषध दिलं त्याने जीव वाचला, पण जाता जाता त्याने कानातल्या त्या रोमपेशी मारून टाकल्या. ऐकू येतं, तोल तेवढा गेला. तुला भीती वाटू नये म्हणून आम्ही चक्कर म्हणत राहिलो. चक्कर येते आणि जाते गं. हे जाणार नाही. एकदा मेलेल्या त्या पेशी माणसाला परत फुटत नाहीत.”

इतके दिवस तिला वाटत होतं की आबा हळूहळू बरे होताहेत.

“चालताना सगळी दुनिया हिंदकळते,” आबा सांगत होते. “दिवे गेले की पायाखाली जमीन आहे का नाही तेही कळत नाही. हरवल्यासारखं होतं बघ, स्वतःच्या घरात.”

“मग ते विमान? त्यात तर तुम्ही बसलेलेच असता. तरी का नाही आवडलं?”

“दिसतं झकास. पण अगं, विमान काय नुसतं डोळ्यांनी चालवतात? वळण बरोबर घेतलं की माणूस खुर्चीत सरळ दाबला जातो. चुकलं की एका कुल्ल्यावर घसरतो. डोळ्यांना कळायच्या आत बुडाला कळतं!” केतकीला हसू फुटलं, आबाही क्षणभर हसले. “माझ्या विमानात पत्र्याची बैठक होती. बाकीचे गाद्या घालायचे. मी मात्र सोलापुरी चादर, चार घड्या करून, तेवढीच. जाड गादी घातली की विमान काय म्हणतंय ते ऐकू येत नाही. आणि दांडा! वेग असला की तो हाताला ताठ लागतो, विमान दमलं की ढिला पडतो. दांडा ढिला पडला की समजायचं, नाक खाली घे, नाहीतर पडशील.”

बोलता बोलता त्यांचा उजवा हात हवेतच दांडा धरल्यासारखा वळला होता. केतकी त्या हाताकडे बघत राहिली आणि तिला एकदम सगळं लख्ख कळलं.

तीन साक्षीदारांपैकी कान गेला होता. उरले डोळे आणि अंग. आणि त्या उरलेल्या अंगालाच त्यांनी फोममध्ये बुडवून, हाताला काहीच न सांगणारा दांडा देऊन मुकं करून टाकलं होतं. आबांकडे जे शिल्लक होतं, तेच त्यांनी मायेपोटी काढून घेतलं होतं. तिला रडू आवरेना.

“आबा, चुकलं आमचं. आपण बदलू या. या वेळी तुम्ही निवडा.”

आबा हो-ना करत तयार झाले. शनिवारी आईने गाडी काढली. दुकानाशी उतरून आबा पायऱ्यांकडे निघाले. रस्ता उंचसखल, समोर माणसांची ये-जा. त्यांची पावलं तिरपी पडू लागली. दारावरचा रखवालदार पुढे आला, त्याने हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, “काका, भर दुपारी घेऊन आलाय काय? आत नाही सोडता येणार.”

आई त्याच्यावर कडाडली, तो बिचारा ओशाळला. पण आबा तोवर गाडीत जाऊन बसले होते. “घरी चला,” एवढंच ते म्हणाले. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तो. केतकीने त्यांचा चेहरा बघितला आणि तिला वाटलं, आता हे पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत.

ती गाडीत बसलीच नाही. तडक दुकानात गेली आणि तिथल्या विक्रेत्या ताईला म्हणाली, “आमचे आबा वैमानिक आहेत. ते गाडीत बसून दांडे बघतील. आणता का?”

ताईने तीन जॉयस्टिक, एक लॅपटॉप आणि बॅटरी आणली. गाडीच्या मागच्या सीटवरच दुकान मांडलं गेलं. आबांनी आधी मान फिरवली होती, पण हातात दांडा आल्यावर बोटं कुठली गप्प बसतात! त्यांनी डोळे मिटले. पहिला दांडा स्प्रिंगचा होता. “हा नेहमी एकाच जोराने मागे ढकलतोय. याला वेगाचं काही सोयरसुतक नाही.” दुसरा दांडा सोडल्यावर बरोबर मध्यावर आलाच नाही. “हा घसरलाय.” ताई म्हणाली, “आत घासणारी पट्टी आहे, झिजली की असं होतं. तिसऱ्यात चुंबक आहे, काही घासतच नाही.” शिवाय तिसऱ्यात मोटर होती. विमानाचा वेग वाढला की ती दांडा ताठ करायची, कमी झाला की ढिला सोडायची. याला प्रतिबल (हाताला उलट जोर देणं) म्हणतात. आबांनी तो धरला, ताईने लॅपटॉपवर विमानाचा वेग कमी केला. आबांचा हात आपसूक पुढे गेला.

“नाक खाली घेतलं मी,” ते पुटपुटले. “न बघता.”

खुर्चीही बदलली. नवी खुर्ची म्हणजे नुसती लाकडी फळी, तिच्यात डाव्या-उजव्या बाजूला आणि पाठीला हवेच्या लहान पिशव्या. विमान डावीकडे घसरलं की डावीकडची फुगणार आणि डाव्या कुल्ल्यावर दाब पडणार. “कान ऐकत नसेल तर कातडीशी बोला, असा हा प्रकार आहे,” ठोंब्या ती बसवता बसवता म्हणाला. केतकीने कपाटातून सोलापुरी चादर काढली, चार घड्या केल्या आणि फळीवर अंथरली.

संध्याकाळी आबा बसले. विमान वर गेलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांवरचा चष्माच काढला आणि डोळे मिटून घेतले. चष्म्यातलं दृश्य बाजूच्या पडद्यावरही दिसायचं, केतकी तिथे बघत होती.

“उजवीकडे घसरतंय,” आबा म्हणाले. पडद्यावर विमान खरंच उजवीकडे घसरत होतं. त्यांनी ते सावरलं. “आता सरळ. आता दमतंय. हां, आता ठीक.” त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायला त्यांनी दांड्यावरचा हात काढला नाही.

विमान उतरल्यावर ते म्हणाले, “हे उडणं नव्हे, केतू. खरं विमान मला आता कुणी देणार नाही, आणि देऊही नये. ते संपलं. पण वर्षभरात पहिल्यांदा कळलं बघ मला, मी कुठे आहे ते.”

“कानात बसवायचं यंत्र करताहेत ना शास्त्रज्ञ?” केतकीने विचारलं. “ठोंब्या म्हणाला, ते मेलेल्या पेशींच्या ऐवजी मेंदूला निरोप देणार.”

“करताहेत. जन्मापासून तोल नसलेल्या लेकरांना आधी मिळू दे. माझ्यापर्यंत पोचेल न पोचेल.” ते उठले.

बाहेर अंधारून आलं होतं, आणि गॅलरीकडे जाणाऱ्या बोळात दिवा नव्हता. आबा उंबऱ्याशीच अडखळले. काठीला ते कधी हात लावत नसत. “मी काय पांगळा आहे?” म्हणायचे. केतकी त्यांचा दंड धरायला पुढे झाली आणि थबकली. तिला तो दांडा आठवला. दांडा कुठे आबांचं वजन उचलत होता? तो फक्त सांगत होता.

“आबा, मला धरू नका,” ती म्हणाली. “नुसतं एक बोट ठेवा खांद्यावर.”

“बोटाने काय होणार?”

“भार टाकायला नाही. कळायला.”

“बरोबर आहे,” मागून ठोंब्या बोलला. “बोटाच्या टोकाला मिळालेल्या निरोपावरसुद्धा मेंदू तोल सांभाळतो.”

आबांनी तिच्या खांद्यावर एक बोट टेकवलं. ते इतकं हलकं होतं की केतकीला आधी लागलंच नाही. ती चालू लागली. मागे आबांची पावलं सावकाश, पण सरळ पडत होती. आणखी किती वर्षं हे बोट आपल्या खांद्यावर असेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तिने पाऊल जरा लहान केलं. बोळाच्या टोकाला तिने काहीही न बोलता गॅलरीकडे वळण्यासाठी खांदा किंचित कलवला.

“डावीकडे,” अंधारातून आबा म्हणाले, आणि तिच्याबरोबर वळले.